दोन नायट्रो आणि एसटीची मागची सीट

मागच्या अंकात रोलर कोस्टरवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं की फार तर चार-पाच पत्रं येतील, त्यातली दोन "असले नसते उद्योग कशाला" अशी असतील आणि विषय संपेल, पण झालं उलटंच. बहुतेकांनी एकच विचारलंय, सगळ्यात भारी कोणतं. आता भारी म्हणजे काय हेच प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या. मी काही यातली इंजिनिअर वगैरे नाही हं, नोकरीनिमित्त सहा वर्षं न्यू जर्सीत होते तेव्हा हे खूळ डोक्यात शिरलं ते अजून निघालेलं नाही.

प्रश्न : ताई, घरात भांडण लागलंय. इमॅजिकाचा नायट्रो मी तीनदा केलाय. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो, तो तिथला नायट्रो करून आला आणि आता म्हणतो एअरटाइम काय असतो ते तुला माहीतच नाही. मी म्हटलं आमच्या नायट्रोवर माणूस पाचदा उलटा होतो, तुझ्यावर एकदा तरी होतो का? मग कोण जिंकलं? — चिंचवडची एक वाचक

उत्तर : अगं, तुम्ही दोघं नाव एकच असलेल्या दोन वेगळ्याच प्राण्यांवरून भांडताय. गंमत म्हणजे दोन्ही एकाच स्विस कंपनीने बनवलेत, बोलिगर अँड मॅबिलार्ड, कोस्टरवेडे नुसतं बी अँड एम म्हणतात. पण खोपोलीजवळचा आपला नायट्रो २०१३ चा, फ्लोरलेस, म्हणजे पायाखाली फळीच नाही, पाय लोंबकळत, खांद्यावरून हार्नेस, उंची साधारण ४० मीटर आणि वेग ताशी शंभरच्या आसपास. न्यू जर्सीत सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचरला जो आहे तो २००१ चा, ७० मीटर उंच, ताशी जवळपास १२९ किलोमीटर, आणि त्यावर एकही उलटी कोलांटी नाही. नुसत्या टेकड्या. उंटाची पाठ असते ना तशा, एकामागून एक. खांद्यावर काही नाही, फक्त मांडीवर एक दांडा.

आता एअरटाइम. लहानपणी एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलीयेस का कधी? ड्रायव्हरने स्पीडब्रेकर बघितला नाही की अख्खी रांग एकदम वर, कुणाचं डोकं टपाला, कुणाची पिशवी खाली, आणि वर असताना तो अर्धा सेकंद आपण सीटला टेकलेलोच नसतो. तो अर्धा सेकंद म्हणजे एअरटाइम. बाकी सगळं वर्णन त्याच्यापुढे फिकं. कोस्टर टेकडीच्या माथ्यावरून जातं तेव्हा रूळ खाली वळतात, आपलं शरीर मात्र सरळ वर जायला बघतं, म्हणून सीट आपल्याखालून निघून गेल्यासारखी वाटते.

त्यातही दोन जाती आहेत. एक तरंगवणारी, तिला फ्लोटर म्हणतात. जत्रेतला मोठा पाळणा वरून खाली यायला लागतो तेव्हा पोटात जो गोळा येतो तो तसाच, फक्त जास्त वेळ टिकणारा, हात आपोआप वर जातात आणि माणूस हसायला लागतो. दुसरी फेकून देणारी, इजेक्टर, म्हणजे अस्सल एसटी, मांडीवरचा दांडा नसता तर आपण पुढच्या गावात. तुझ्या भावाचा नायट्रो पहिल्या जातीचा. दुसरी बघायची असेल तर त्याला म्हणावं त्याच पार्कात एल टोरो नावाचं लाकडी कोस्टर आहे, २००६ चं, पहिला उतार ७६ अंशांचा, त्यावर जा आणि मग एअरटाइमवर प्रवचन दे.

तुझ्या नायट्रोवर जे होतं त्याला आम्ही इंटेन्सिटी म्हणतो, ती बरोबर उलट्या दिशेने काम करते. लूप म्हणजे रुळांचा उभा वेढा, त्याच्या तळाशी शरीर सीटमध्ये दाबलं जातं, गाल खाली ओढले जातात, हात उचलायचा म्हटला तर कुणीतरी मनगटाला पाण्याची कळशी बांधल्यासारखं वाटतं. लोकांना वाटतं उलटं झाल्यावर आपण हार्नेसला लटकतो, पण नीट आखलेल्या लूपमध्ये लटकत नाही, वेगामुळे सीटलाच चिकटलेले राहतो. म्हणजे पाचदा उलटं होऊनही एअरटाइम थोडाच मिळतो. भाऊ म्हणतोय ते तेवढ्यापुरतं खरं आहे.

पण एक सांगते, त्याच्या नायट्रोवर मध्ये एक गोल गोल फिरणारं वळण आहे, हेलिक्स, तिथे तोही चांगलाच सीटमध्ये रुतलेला असणार. ते त्याने तुला सांगितलं नसेल.

प्रश्न : पुढची सीट चांगली की मागची? पुढच्या रांगेसाठी चाळीस मिनिटं जास्त थांबलो आणि मित्र मागे बसून आमच्यापेक्षा जास्त किंचाळले. — नागपूर

उत्तर : एअरटाइम हवा असेल तर मागे. बघायला पुढे.

कारण थोडं मजेशीर आहे. सगळे डबे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे कुठल्याही क्षणी सगळ्यांचा वेग सारखाच. पण पुढचा डबा पहिल्या माथ्यावरून जातो तेव्हा ट्रेन अजून रेंगाळत असते, तुम्ही काठावर लोंबकळता, खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात, वगैरे. मागचा डबा त्याच माथ्यावर येतो तोवर पुढच्या वजनाने ट्रेन सुसाट सुटलेली असते, म्हणून मागच्यांना अक्षरशः ओढून खाली नेतात. एसटीत मागची सीट उडते त्याचं कारण मात्र वेगळं हं, तिथे मागच्या चाकाच्याही पलीकडे बस लोंबत असते म्हणून तो सी-सॉ होतो. दोन्हीकडे हाल मागच्यांचेच.

चाळीस मिनिटं गेली त्याला इलाज नाही. पण एक करा, जिथे लाइन मोठी तिथे पहिली फेरी जी सीट मिळेल ती घ्या आणि दुपारनंतर परत या. सकाळी चाकं आणि ग्रीस थंड असतात, दिवसभर पळून गरम झाली की तेच कोस्टर जरा जास्त जोरात पळतं. संध्याकाळची फेरी सकाळपेक्षा वेगळी वाटते असं म्हणणारा माणूस थापा मारत नसतो.

प्रश्न : वय ३४, तब्येत ठणठणीत. मागच्या महिन्यात एका मोठ्या पार्कातल्या कोस्टरवर (नाव देत नाही, उगाच कशाला) एका लांब वळणावर डोळ्यासमोर सगळं करडं झालं, टीव्हीचा रंग कमी केल्यासारखं. दोन-तीन सेकंदांत परत नीट. बायको म्हणते आता बंद. मी म्हणतो तीच तर इंटेन्सिटी. — नाशिक

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं बरोबर. याला ग्रेआउट म्हणतात, लढाऊ विमानांच्या पायलटना हे चांगलंच ओळखीचं. जोरात दाबलं गेलं की रक्त पायांकडे जातं, डोक्याकडे कमी पोचतं, आणि डोळ्याचा पडदा या बाबतीत फार नाजूक, तो पहिला तक्रार करतो. आधी रंग जातो, मग कडेचं दिसेनासं होतं, त्यापुढे पूर्ण काळोख आणि त्यापुढे शुद्ध हरपते. तुम्ही पहिल्या पायरीवर होतात.

जोर किती यापेक्षा तो किती वेळ टिकला याला महत्त्व जास्त. लूपच्या तळाशी ४ जी, म्हणजे आपल्या वजनाच्या चौपट, क्षणभर लागला तर काही वाटत नाही, तोच तीन-चार सेकंद धरून ठेवला की दिवे मंद. याचं नामी उदाहरण व्हर्जिनियातल्या किंग्ज डोमिनियनचं. २०१० मध्ये तिथे इंटिमिडेटर ३०५ नावाचं कोस्टर उघडलं (नाव आता बदललंय), ३०५ फूट उंच, वरून ताशी १४५ किलोमीटरने खाली येऊन लगेच उजवीकडे मोठं वळण, आणि त्या वळणात लोकांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. त्याच वर्षी पहिल्या उतारावर ब्रेक लावून वेग कमी केला, आणि पुढच्या सीझनआधी चक्क त्या वळणाचे रूळ बदलून ते जास्त रुंद केलं. एवढा खर्च कुणी हौसेने करत नाही. आणि आता ऐका, काही कोस्टरवेडे अजून हळहळतात की जुनं वळण काय होतं राव. असली माणसं आहेत आमच्यात.

तर तुम्ही काय करायचं. वळण येतंय असं दिसलं की मांड्या आणि पोट घट्ट आवळायचं, श्वास रोखून धरायचा नाही, मान ताठ ठेवून पुढे बघायचं. उपाशी बसू नका, उन्हात तीन तास पाणी न पिता तर मुळीच नको, अर्ध्या जणांचं ग्रेआउट तिथेच होतं असा माझा अंदाज. पण परत झालं, साध्या राइडवर झालं, किंवा शुद्धच गेली तर मग बायकोचं ऐका आणि आधी डॉक्टरकडे जा. बीपी, हृदय, मान-पाठ, गरोदरपण यांबद्दल राइडच्या दारात पाटी असते ती वाचा, ती शोभेला लावलेली नसते.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. वर्तुळाकार गतीच्या धड्यात लूपचं गणित आहे. पण नेटवर लूपचे फोटो बघितले तर ते गोल नसतात, थेंबासारखे दिसतात. असं का? आणि टेकडीवर एअरटाइम किती मिळेल ते काढता येतं का? — सातारा

उत्तर : शाब्बास, फोटो नीट बघणारी माणसं कमी असतात. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचं कोस्टर होतं, त्याचा लूप तुझ्या पुस्तकातल्यासारखा अगदी गोल. त्यात शिरताना माणसांना १२ जीच्या आसपास धक्का बसायचा म्हणतात, माना लचकायच्या, लोक तिकीट काढण्यापेक्षा बाहेर उभं राहून दुसऱ्याची फजिती बघणं पसंत करायचे. तुझ्या धड्यातलंच गणित कर, गोल लूपच्या माथ्यावर जेमतेम टिकायचं म्हटलं तरी तळाशी ६ जी येतातच, घर्षण सोडून दे. म्हणून तळाशी वक्रता सौम्य ठेवायची आणि वर जिथे वेग कमी झालेला असतो तिथे वळण आवळायचं, की झाला थेंब. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मॅजिक माउंटनला रिव्होल्यूशन आलं त्यात हा आकार वापरला, आखणी वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरची, आणि तिथून लूप हा प्रकार जगभर सुरू झाला.

टेकडीचं तर सोपंच आहे. माथ्यावरच्या वक्रतेची त्रिज्या घे, वेगाच्या वर्गाला तिने भाग. उत्तर गुरुत्व त्वरणाएवढं, म्हणजे साधारण १०, आलं की वजन शून्य, जास्त आलं की सीट सोडून वर. समज त्रिज्या ४० मीटर आणि वेग ताशी ७२, म्हणजे सेकंदाला २० मीटर. ४०० भागिले ४०, आले १०. बरोब्बर तरंगणार. आता त्याच टेकडीवरून ताशी ९० ने जा, २५ चा वर्ग ६२५, भागिले ४० म्हणजे साडेपंधरा, आता दांडा तुला खाली धरून ठेवतोय, तुझ्या वजनाच्या अर्ध्याहून जास्त जोराने. आणि वेग ७२ च ठेवून त्रिज्या २० केलीस तर एक जी उलटा, म्हणजे छताला चिकटलेल्या पालीसारखी अवस्था. उंची या गणितात कुठेच आली नाही बघ.

मग अख्खी ट्रेनच उडून का जात नाही, तर रुळाच्या खालूनही चाकं लावलेली असतात. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी टेकड्या घाबरत घाबरतच बांधत असणार.

मोबाइलवर जी मोजणारी अ‍ॅप्स असतात त्याच्या भानगडीत पडू नकोस. चालत्या राइडवर फोन हातात धरायला सहसा परवानगी नसते, आणि खिशात ठेवला तर तो खिशातल्या खिशात एवढा हलतो की आकडे काहीच्या काही येतात.

प्रश्न : अबुधाबीला फॉर्म्युला रोसा केलं, ताशी २४० किलोमीटर! यापुढे आता बाकीचं सगळं किरकोळच ना? — शारजा

उत्तर : किरकोळ कसं म्हणू, पण तुम्ही जे अनुभवलंत ते तिसरंच काहीतरी आहे. २०१० मध्ये ते सुरू झालं तेव्हापासून बरीच वर्षं जगातलं सगळ्यात वेगवान कोस्टर, पाचेक सेकंदांत २४०, म्हणजे पाठीवर सरासरी १.४ जी. वाळू आणि किडे डोळ्यात जाऊ नयेत म्हणून गॉगल देतात ते तुम्ही घातले असतीलच, आणि उतरल्यावर गॉगलच्या कडेचा ठसा गालावर घेऊन फोटोही काढला असेल. पण सुरुवातीचा तो दणका ओसरला की पुढचा रस्ता पुष्कळसा मोठाल्या वळणांचा आहे, वेग एवढा की वळणं मोठी ठेवावीच लागतात. वेग म्हणजे एअरटाइम नाही आणि इंटेन्सिटीही नाही, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी काढणं हा वेगळा सुखाचा प्रकार आहे. माझ्या यादीत तो खालच्या बाजूला आहे, तुमच्या यादीत वर असेल तर असू दे की.

प्रश्न : ओहायोच्या स्टील व्हेंजन्सवर म्हणे २७.२ सेकंद एअरटाइम आहे. हे स्टॉपवॉच लावून मोजतात की नुसती जाहिरात? — ठाणे

उत्तर : सीडर पॉइंट पार्कने स्वतः दिलेला आकडा आहे तो. २०१८ चं कोस्टर, जुन्या मीन स्ट्रीक या लाकडी कोस्टरच्या सांगाड्यावर स्टीलचे रूळ बसवून केलेलं, पावणेदोन किलोमीटर लांब. त्यावर बसलेल्यांना हा आकडा खोटा वाटत नाही एवढं सांगू शकते, मी उतरले तेव्हा मांड्यांवर दांड्याचे वळ होते आणि शेजारचा अनोळखी मुलगा "अजून एकदा, अजून एकदा" असं स्वतःशीच बोलत होता. पण मेख मोजायच्या पद्धतीत आहे. अर्धं वजन झालं की एअरटाइम धरायचा, की वजन शून्याच्या खाली गेल्यावरच? आणि पुढच्या सीटवर की मागच्या? याचं ठरलेलं माप नाही. त्यामुळे दोन पार्कांचे सेकंद शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाने वाटीने आणि दुसऱ्याने भांड्याने मोजलेले तांदूळ. त्यातही अर्धा अर्धा सेकंद करत पंचवीस वेळा मिळालेला एअरटाइम आणि दोन-दोन सेकंद सलग तरंगणं यांची बेरीज सारखी आली तरी अनुभव अजिबात सारखा नसतो.

प्रश्न : उलटी होते हो. काय खाऊन जायचं? — डोंबिवली

उत्तर : एक्सप्रेसवेच्या फूड मॉलवर दोन वडापाव आणि वर कोल्ड्रिंक असं करून थेट राइडवर जाऊ नका, बाकी हलकं काहीही चालेल. डोळे मिटू नका, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे काहीच सांगत नाहीत त्याने मळमळ वाढते. अंधारातल्या राइड्स शेवटी ठेवा.

प्रश्न : दोन वर्षांसाठी एडिसनला आलोय. नवऱ्याला फक्त उंच कोस्टर दिसतात, मला उंचीची भीती आहे, पण तुमचा लेख वाचून एअरटाइम मात्र घ्यायचाय. काही मधला मार्ग? — न्यू जर्सी

उत्तर : मधला कशाला, चांगलाच मार्ग आहे. शनिवारी सकाळी पेनसिल्व्हेनियात एलिसबर्गला जा, अडीच-तीन तास लागतील. नोबल्स नावाचं पार्क आहे, झाडीत लपलेलं, गेटवर तिकीट नाही, पार्किंगलाही पैसे नाहीत, राइडप्रमाणे पैसे द्यायचे. तिथे फिनिक्स नावाचं लाकडी कोस्टर आहे. मूळचं १९४८ चं, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोतलं, तिथलं पार्क बंद पडलं तेव्हा यांनी ते फळी फळी सुटं करून, नंबर टाकून आणलं आणि १९८५ मध्ये परत उभं केलं. उंची फक्त २४ मीटर, आपल्या आठ मजली बिल्डिंगएवढी. वेग ताशी ७२. आकडे बघून नवरा नाक मुरडेल, मुरडू दे. मांडीवर एकच दांडा येतो, तो पोटाला टेकत नाही, वर बेल्ट नाही, आणि मधल्या मोकळ्या जागेत तुम्ही जी काय उडता ना, विशेषतः शेवटच्या छोट्या छोट्या उंचवट्यांवर, त्याला तोड नाही.

माझे सासरे आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांना नेलं होतं, तेव्हा ते ६६ चे, आयुष्यभर एसटीत कंडक्टर, डॉक्टरांनी बीपी बघून होकार दिलेला. आधी नको नको म्हणत होते. मग तिथे तिकिटांचं छोटं पुस्तक मिळालं ते हातात आल्यावर त्यांचा चेहराच बदलला, आमची सगळ्यांची तिकिटं त्यांनीच अंगठ्याने मोजून, टरकन फाडून दिली. मी मुद्दाम त्यांना शेवटच्या डब्यात बसवलं. सुरुवातीला काळोखा बोगदा लागतो तिथे रामनाम ऐकू येत होतं. पहिल्या उतारानंतर ते थांबलं. शेवटच्या उंचवट्यांवर मी बाजूला बघितलं तर सासरे सीटच्या चार बोटं वर, टोपी एका हाताने डोक्यावर दाबलेली, दुसरा हात वर दांडी धरायला गेलेला, जिथे दांडी नव्हतीच.

उतरल्यावर कसं वाटलं विचारलं तर म्हणाले, "आमची मलकापूर गाडी याच्यापेक्षा जास्त उडायची. पण हिला रस्ता चांगलाय."

मग उरलेली तिकिटं मोजली आणि परत लाइनीत जाऊन उभे राहिले.